कुलपाला कान

मंगळवार, ३ मार्च

चि. ठकूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी वर आला तो ड्रायव्हर. तोही कोण, तर समोरच्या शिंपिणीचा जावई, स्वतःच्या लग्नात चप्पल हरवली म्हणून रुसून बसलेला तोच! मी दार उघडलं तर म्हणतो, "आजी, पाहुणे आणलेत, घरात दोन खुर्च्या आहेत का?" मी म्हटलं, खुर्च्या आहेत, पाहुणे कसले ते सांग. तेवढ्यात धाकटे मालक आले. आमच्या कुलपाच्या कारखान्याच्या मालकांचा नातू गं. आजोबांचं नाक जसंच्या तसं, बाकी सगळा आईवर गेलाय. आणि मग बराच वेळ कोणीच नाही. नुसती काठी वाजतेय. टक. थांबली. टक. थांबली. मी कठड्यावरून वाकून बघितलं आणि सांगते तुला, माझ्या हातातली पळी खाली पडली.

घड्याळवाले साहेब!

छत्तीस वर्षांनी बघितलं तरी ओळखलं. केस गेलेत, पोट आलंय, पण खिशावर हात ठेवायची सवय तीच. त्या खिशात ते घड्याळ असायचं, बटण दाबलं की धावणारं. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे मेला, आणि तीन मजले चढताना पाच वेळा थांबला. मी मोजलं. मोजणारच.

तुला माहीत नाही, सांगते. मी बिल्ला नंबर सतरा. तो पितळी बिल्ला अजून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, लहानपणी तू चोखायचीस. माझा हात सगळ्या बायकांत चपळ. पण खरी कारागीर आपली थोरली आजी, माझ्या जाऊबाई, नंबर नऊ. मला त्यांनीच कामाला लावलं, त्यांनीच शिकवलं. त्या वेळी एक बाई एक कुलूप पुरं करायची. पाच खटके, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, किल्लीच्या दातांप्रमाणे कानशीनं घासायच्या, स्प्रिंग बसवायची, झाकण ठोकायचं. आणि शेवटी कुलूप कानाला लावून किल्ली तीनदा फिरवायची. एकच 'टक्' आलं तर कुलूप खरं. 'टक्-टक्' आलं तर आत एखादा खटका खोटं बोलतोय, ते कुलूप शेजारणीच्या किल्लीनंही उघडणार. खोला, परत घासा.

मग हे साहेब आले, घड्याळ आणि वही घेऊन. कामाचे तुकडे केले. एकीनं खटके, दुसरीनं स्प्रिंग, तिसरीनं झाकण. आणि कान लावणं बंद. म्हणाले, अकरा सेकंद फुकट जातात. जाऊबाईंनी ऐकलं नाही. त्या कान लावतच राहिल्या. तेव्हा साहेबांनी गेटावर पाटी लावली, खडूनं लिहिलेली: क्रमांक ९, संथ. सात दिवस. आठव्या दिवशी जाऊबाईंना कामावरून काढून टाकलं.

ठकू, ते नाव चिकटलं गं. पोरं रस्त्यात 'संथ आली, संथ आली' करायची. लेकीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी आईवर तर नाही ना गेली?" जाऊबाईंनी पुन्हा कानस हातात धरली नाही. खोलीच्या दाराला कुलूपसुद्धा लावत नाहीत. म्हणतात, चोराला घाई असते, तो माझ्याकडे यायचा नाही.

आणि आता गंमत ऐक. साहेब अजून कारखान्याचे सल्लागार आहेत. कारखान्यानं एका इस्पितळाच्या कपाटांना चारशे कुलपं दिली, आणि कोणाच्याही किल्लीनं कोणाचंही कपाट उघडतंय. एक डॉक्टर भलत्याचीच पँट घालून घरी गेला! इस्पितळानं सगळी परत पाठवली. हातानं जुळवलेली द्या, नाहीतर काम दुसऱ्याला. पण जुळवणार कोण? प्रत्येकीला आपला तुकडा येतो, अख्खं कुलूप एकीलाही येत नाही. अख्खं येणाऱ्या दोघीच उरल्यात. एक मी, आणि दुसरी तळमजल्यावर मागच्या खोलीत. तिच्या उघड्या दारावरून हे तिघे वर आले आणि त्यांना पत्ता नाही!

धाकटे मालक हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्हीच आता तारा." मी चहा दिला. पुढच्या मंगळवारी या म्हटलं.

इतकी वर्षं हा माणूस माझ्या दारात यावा म्हणून वाट बघत होते, आणि आला तो आपल्या पायांनी. देवाच्या घरी देर आहे म्हणतात ते खोटं नाही. तू ते मॅनेजमेंट शिकतेस ना? साहेब बोलता बोलता म्हणाले, त्यांनी सगळं पुस्तकातल्या तत्त्वांप्रमाणेच केलं होतं. ती तत्त्वं मला लिहून पाठव. सोप्या भाषेत. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवतेस.

तुझी आजी


शनिवार, ७ मार्च

प्रिय आजी,

सा. न. पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. तू काय करणार आहेस?

तत्त्वं लिहिते. आमच्या अभ्यासात याला अभिजात व्यवस्थापन विचार म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वीचा. दोन धारा आहेत. एक घड्याळाची: प्रत्येक कामाची एकच उत्तम पद्धत असते, ती मोजून काढायची, विचार ऑफिसनं करायचा, हातांनी फक्त पाळायचं. दुसरी वरून बघणारी, तिचे चौदा नियम. त्यातले मुख्य:

कामाची वाटणी: प्रत्येकानं आपला तुकडा करावा, म्हणजे हात बसतो. हुकूम एकाच वरिष्ठाकडून: दोघांनी हुकूम दिले की घोटाळा. उतरंड: निरोप पायरीपायरीनं खाली-वर जावा, मधली पायरी गाळू नये. जागच्या जागी: प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक माणसाला जागा. शिस्त.

पण आजी, त्याच चौदांत 'न्यायानं आणि मायेनं वागवा' हाही नियम आहे. 'कामगाराला स्वतःचं डोकं चालवू द्या' हाही. 'माणसं सारखी बदलू नका' हाही. पुस्तक वाईट नव्हतं. आणि खरं सांग, घड्याळवाल्या साहेबांनी काहीच चांगलं केलं नाही का? तूच एकदा म्हणाली होतीस, तुमची टेबलं उंच केली म्हणून तुझी पाठ वाचली. ती त्यांनीच केली होती ना?

वर्गात आमचं भांडण झालं, हा विचार आज उपयोगाचा आहे की नाही यावर. निम्मी मुलं म्हणतात तो कधीच मेला. मी म्हटलं, मेला कसला, आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याकडे येऊन बघा. पोळी एक देतो, भाजी दुसरा, आणि चमचा कोणी द्यायचा हे ठरलेलंच नाही.

जपून. त्यांना काही बोलू नकोस, लगेच तरी.

तुझी
ठकू


बुधवार, ११ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. अगं, ही तत्त्वं आहेत की सोन्याची खाण! टेबलांचं म्हणालीस ते खरं आहे. साहेबांनीच उंच केली. शत्रूचं बरंही सांगावं, म्हणजे वाईट सांगताना जीभ अडखळत नाही.

काल आले. मी आधी जाऊन दारात उभी राहिले, हातात खडू आणि गजराचं घड्याळ. साहेब वर पोचले, टेकले, आणि मी त्यांच्या देखत दारावर लिहिलं: 'एकोणचाळीस पायऱ्या. साडेसहा मिनिटं.' आणि पुढे ठळक: 'संथ'.

साहेब हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय.

"बसा," मी म्हटलं. धाकटे मालक खुर्चीवर टेकले. साहेब दुसऱ्या खुर्चीकडे वळले तशी म्हटलं, "ती नव्हे, साहेब. ती गिऱ्हाइकाची जागा. तुमची जागा तो स्टूल." जागच्या जागी! त्या तीन पायांच्या स्टुलाची तुला कल्पना आहेच, एक पाय आखूड आहे. तासभर त्यावर तोल सांभाळत बसले बिचारे. बिचारे म्हटलं का मी? चुकून म्हटलं.

मग मालकांनी पिशवीतून कुलूप काढलं, सगळे भाग सुटे. म्हणाले, "आजी, सुरुवातीपासून दाखवा, मी व्हिडिओ काढतो." मी पाच खटके घासून घातले. सुरेख घातले. आणि हात झाडून बसले.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"पुढचं दुसऱ्या टेबलावर."

"म्हणजे?"

"मी सतरा नंबर. माझ्याकडे खटके. स्प्रिंगचं मला काय विचारता? तुम्हीच वाटून दिलंत."

"पण बाई, तुम्हाला अख्खं कुलूप येतं!"

"येत होतं. तुम्ही म्हणालात, डोकं ऑफिसात ठेवा, टेबलावर फक्त हात आणा. मी आणले."

ठकू, धाकटे मालक खोकल्याचं निमित्त करून खिडकीशी गेले. त्यांचे खांदे हलत होते.

साहेब लाल झाले. "मी सांगतोय तुम्हाला, स्प्रिंग बसवा."

"हुकूम एकाच तोंडून घ्यायचा, साहेब. मला काम ज्यांनी शिकवलं, माझ्या वरची पायरी त्या. मधली पायरी गाळून मी तुमचं ऐकलं तर सगळी शिस्तच बिघडायची. त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर मी डोळे मिटून अख्खं कुलूप करते."

"कोण त्या?"

"नंबर नऊ. तळमजला, मागची खोली. दार उघडंच असतं."

बघ, त्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नंबर नऊ म्हटल्यावर त्यांना आठवलं. नाव नाही आठवलं, नंबर आठवला. हात खिशावर गेला.

गेले खाली, पुन्हा एकोणचाळीस पायऱ्या. मीही गेले मागोमाग, मजा कोण सोडतंय! जाऊबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. वाटलं होतं त्या विसरल्या असतील, मलाच आठवण करून द्यावी लागेल. त्यांनी वर बघितलं, साहेबांना नखशिखांत न्याहाळलं, उजवा कान पुढे केला, कारण डावा आता गेलाय, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"आज नाही जमायचं. मी संथ आहे. मला तयारीला वेळ लागतो. पुढच्या गुरुवारी या."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या!

गाडी गेल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडले. म्हटलं, जाऊबाई, काय हाणलंत! त्या म्हणाल्या, "तुला फार आनंद झालाय." मी म्हटलं, मग, होऊ नये का? त्यांनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या, सोल म्हणाल्या.

गुरुवारपर्यंत मला झोप नाही. आणखी काही नियम राहिले असतील तर पाठव.

तुझी आजी


रविवार, १५ मार्च

प्रिय आजी,

आधी कबुली. देवानं नाही, मीच त्यांना तुझ्या दारात पाठवलं.

घड्याळवाले साहेब आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आले होते. कुलपाच्या कारखान्यातल्या त्यांच्या प्रयोगावर बोलले, आणि मी शहाणी, हात वर करून म्हणाले, माझी आजी तिथेच होती! त्यांनी मला बाजूला घेऊन, जुनी कारागीर हवी आहे म्हणून, तुझा पत्ता मागितला. मी दिला. मला कुठे काय माहीत होतं? त्या पाटीबद्दल तू कधी बोललीच नव्हतीस. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. कारण दुसरीही एक गोष्ट आहे. माझ्या प्रकल्पाचे परीक्षक तेच आहेत.

म्हणून या पत्रात मी लिहिणार होते की आजी, सबुरीनं घे. म्हातारा माणूस आहे, झालं गेलं गंगेला मिळालं.

पण काल लायब्ररीत त्यांचं पुस्तक काढलं. त्या प्रयोगावर पूर्ण प्रकरण आहे. उत्पादन दुप्पट झालं वगैरे. आणि पानाखाली बारीक अक्षरात एक टीप. जशीच्या तशी उतरवते: 'क्र. ९. मंद. अनावश्यक हालचालींची सवय. सात दिवस सूचनाफलकावर नाव. इतरांवर परिणाम उत्तम.'

इतकंच. थोरली आजी म्हणजे दीड ओळ. आणि परिणाम उत्तम! चौदा नियमांतले त्यांच्या सोयीचे पाच त्यांनी वापरले, न्यायाचा आणि मायेचा तेवढा गाळला. मी प्रकल्पाचं पहिलं पान फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. विषय तोच, अभिजात व्यवस्थापन आणि आजचं कामाचं टेबल. पण सुरुवात नऊ नंबरपासून. नापास करायचं तर करू देत. तू सोडू नकोस त्यांना.

एकच विचारायचं आहे. विचारू की नको असं करत आहे. टिपेच्या वरच्याच परिच्छेदात आहे: 'क्र. १७ या आदर्श कामगार स्त्रीनं घासून तयार भागांची दहा कुलपं प्रत्येकी अठ्ठेचाळीस सेकंदांत जुळवली. तीच वेळ सर्वांसाठी प्रमाण ठरवण्यात आली.'

आजी, कान लावायला अकरा सेकंद लागतात, असं तूच लिहिलंस. पुस्तकात खटके, स्प्रिंग आणि झाकण यांचेच अठ्ठेचाळीस सेकंद भरतात, मग कान लावणं त्यात कसं बसलं?

थोरल्या आजीला हे माहीत आहे का?

तुझी
ठकू


शुक्रवार, २० मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. शेवटची चार वाक्यं वाचली आणि निवडलेली भाजी कचऱ्यात टाकली, देठं पातेल्यात. पत्ता दिलास त्याबद्दल रागावले नाही. उलट, तुझ्या तोंडात साखर.

आता माझं. बसलं कसं विचारतेस? बसलं नाही. मी कान लावलाच नाही.

साहेब तेव्हा बत्तीस वर्षांचे, ताठ, इस्त्रीचे कपडे. माझ्या मागे येऊन उभे राहिले, बटण दाबलं. मला काय झालं देव जाणे. सगळ्या बायका बघतायत, आपला हात चपळ, दाखवूच. दहाच्या दहा कुलपं मी ऐकल्याशिवाय पुढे सरकवली. साहेबांनी विचारलं, "रोज इतक्याच वेळात करता?" आणि मी हो म्हटलं. ते एवढंसं 'हो', ठकू. त्याच मापानं मग सगळ्यांना मोजलं. नऊ नंबर संथ कशामुळे ठरली, तर सतरा नंबर खोटी होती म्हणून. छत्तीस वर्षं मी साहेबांना शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या माझ्या वाटच्या होत्या. दुसऱ्याच्या नावानं घातल्या की त्या गोड लागतात.

आता कालचं ऐक.

तिघेही वेळेवर आले. या वेळी थेट तळमजल्यावर. जाऊबाईंनी जागा झाडून ठेवली होती, आणि मधोमध त्यांचा पत्र्याचा डबा. मी म्हटलं, आज साहेबांची काही खैर नाही! अजून मला मजाच वाटत होती बघ.

जाऊबाईंनी डब्यातून एक कुलूप काढलं. आमच्या कारखान्याचं, जुनं, तेल लावून ठेवलेलं. बंद केलं. साहेबांना म्हणाल्या, "तुमच्याकडे कसलीही किल्ली आहे?"

साहेबांनी खिशातून त्यांच्या टेबलाच्या खणाची किल्ली काढली.

"घाला."

घातली. फिरवली. टक्-टक्. उघडलं.

धाकट्या मालकांनी आपल्या कपाटाची घातली. उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "मी बघू?" त्याच्या सायकलीच्या किल्लीनंही उघडलं! तो खो खो हसला आणि एकटाच हसतोय बघून गप्प झाला.

"हे कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही घड्याळ लावलंत त्या दिवशीचं. दहांतलं सातवं. मी पलीकडच्याच टेबलावर होते." आणि मग जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "मला कुलपातला खटका ऐकू येतो, तुझं 'हो' ऐकू येणार नाही असं वाटलं तुला?"

त्याच आखूड पायाच्या स्टुलावर बसले मी. तो खाली का आणला होता ते तेव्हा कळलं. जाऊबाईंनी सकाळीच मागून घेतला होता, माझ्याचकडून. मी हौसेनं नेऊन दिला.

"तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते. तूही संथच निघालीस."

मग त्यांनी आपली अट सांगितली. आवाज चढवला नाही. सात दिवस त्या कारखान्यात येणार, नव्या बायकांना अख्खं कुलूप शिकवणार, कान लावण्यासकट. पण तेच गेट, तीच जागा, तशीच पाटी. तिच्यावर दोन ओळी. साहेबांची साहेबांनी लिहायची, माझी मी. आणि सातही दिवस दोघांनी त्या पाटीसमोरून आत जायचं, सगळ्यांच्या देखत, पहिल्या भोंग्याला. भोंग्यानंतर नाही.

साहेब म्हणाले, "या वयात मी गेटावर..."

"माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहात," जाऊबाई म्हणाल्या. "आणि उभं पाटीनं राहायचंय. तुम्ही फक्त समोरून जायचं. मीही जातच होते."

"पण तेव्हा... तेव्हाची पद्धतच तशी होती, बाई."

"पद्धत होती ना? मग त्याच पद्धतीनं करतेय. मी नवीन काय सांगतेय?"

धाकटे मालक साहेबांकडे बघत होते. इस्पितळाची चारशे कुलपं एकीकडे आणि साहेबांची अब्रू एकीकडे. शेवटी ते म्हणाले, "साहेब, पाटी अजून गोदामात आहे. मी पुसून ठेवतो."

साहेबांनी खिशातून ते घड्याळ काढलं. मला वाटलं, वेळ बघतायत, पळणार. तर त्यांनी ते जाऊबाईंपुढे ठेवलं. म्हणाले, "ओळ काय लिहू?"

जाऊबाईंनी सांगितली. 'घड्याळवाले साहेब. संथ. समजायला छत्तीस वर्षं लागली.' साहेबांनी आपल्या वहीत उतरवून घेतली, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. माझी ओळ जाऊबाईंनी सांगितली नाही. म्हणाल्या, "तू तुझी लिही. पण या वेळी खरी लिही." मी कालपासून घासतेय, खटक्यासारखी. 'क्रमांक १७. खोटी चपळ. एक हो म्हटलं, ते जाऊबाईंनी भोगलं.' चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुरे, नाही का? काही चुकलं असेल तर सुधारून पाठवू नकोस. असू दे तसंच.

तुला वाटेल आजी रडत असेल. रडले, खोटं कशाला बोलू. पण ठकू, आज सकाळी उठले तर अंग कसं हलकं होतं! साहेब त्या पाटीसमोरून काठी टेकत आत जातील, टक, टक, आणि गेटावरच्या बायका वाचतील, मोठ्यानं वाचतील, त्या वाचणारच, मी ओळखते ना त्यांना! त्या एका दृश्यासाठी मी माझ्या ओळीसमोरून सात दिवस काय, सात महिने जाईन. शेजारी साहेब चालतायत म्हटल्यावर लाजही निम्मी होते. माझ्या वाटची उरलेली निम्मी मी चालता चालता फेडीन.

आणि तुझ्या प्रकल्पाचं मी साहेबांना जाताना सांगितलं. म्हटलं, माझी नात नऊ नंबरपासून सुरुवात करतेय, परीक्षक तुम्हीच आहात, वाचताना कान लावा. नुसतं हूं म्हणाले. पण एकच हूं होतं, दोन नव्हते. खरं असावं.

त्यांची गाडी वळल्यावर जाऊबाईंनी डबा बंद केला आणि मला म्हणाल्या, "तुझा बिल्ला घासून ठेव, काळा पडलाय." घासला. चकचकीत झालाय. त्यांचा नऊ नंबरही मिळाला, त्या डब्यातच होता, कुलपाच्या खाली. तो त्यांनी मला घासायला दिला नाही.

गाडी सोमवारी येणार आहे, तेवीस तारखेला, सकाळी सातला. तिघेही कबूल करून गेलेत.

तुझी आजी